जुन्या नाशिकचे फोटो: वर्णन आणि टॅग करताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

संग्रहात फोटो टाकणारी मंडळी वाढलीयेत, जेलरोडपासून सातपूरपर्यंत लोक घरातले अल्बम काढून बसलेत, आणि रोज तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. क्रमाने वाचलंच पाहिजे असं काही नाही, हवा तो प्रश्न बघा. दुसरा प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचा, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

फोटोत सगळं दिसतंयच की, मग वर्णन कशाला लिहायचं?

तुम्हाला दिसतंय कारण तुम्ही इथले आहात. परवा एक फोटो आला, मागे लिहिलेलं होतं "गंगेवर, आई व मावशी". आपल्याकडे नदीला कोणी गोदावरी म्हणतच नाही, "जरा गंगेवर जाऊन येते" असंच म्हणतात, त्यामुळे आपल्याला लगेच कळतं. पण हाच फोटो उद्या नागपूरच्या एखाद्या मुलीने उघडला तर तिला तो काशीचा वाटेल आणि त्यात तिची काहीच चूक नसेल. शिवाय फोटो शोधणारा माणूस आधी शब्दच टाइप करतो, शब्द नसतील तर फोटो असून नसल्यासारखा.

त्या फोटोचं वर्णन शेवटी असं झालं: "गोदावरी नदीचा घाट, पंचवटी, नाशिक. दोन बायका पायरीवर बसून कळश्या घासताहेत, दोघीही नऊवारीत, एकीचं तोंड कॅमेऱ्याकडे, दुसरी पाठमोरी. मागे दुतोंड्या मारुतीची मूर्ती, पाणी मूर्तीच्या पायांच्या खाली. उजव्या कडेला घोंगडी पांघरलेला एक माणूस अर्धाच आलाय. कृष्णधवल प्रिंट, दातेरी कडा, मागे शाईने मजकूर: गंगेवर, आई व मावशी." बस, एवढंच. एकही अवघड शब्द नाही, पण यातून घाट शोधणाऱ्याला घाट मिळतो, नऊवारीवर काम करणारीला नऊवारी मिळते आणि नदीला पाणी किती होतं हे बघणाऱ्यालाही काहीतरी हाताला लागतं.

मागचा मजकूर जसाच्या तसा उतरवायचा, शुद्धलेखन सुधारायचं नाही. "नासिक" लिहिलं असेल तर नासिकच ठेवा.

वर्णनात खरं किती आणि अंदाज किती, हे कसं सांभाळायचं?

तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या. जे डोळ्यांना दिसतंय ते एक, जे कोणीतरी सांगितलंय ते दुसरं, आणि जे आपल्याला वाटतंय ते तिसरं. फॉर्ममध्ये तीन वेगळे रकाने त्यासाठीच आहेत, ते एकत्र करू नका, कितीही खात्री असली तरी करू नका.

हे मी अनुभवावरून सांगतोय. सुरुवातीच्या काळात पुराचा एक फोटो आला होता, सराफ बाजाराच्या तोंडाशी गुडघाभर पाणी, लोक पायऱ्यांवर उभे. घरच्या काकांनी सांगितलं "हा एकोणसत्तरचा", मी सरळ वर्णनातच "१९६९ चा महापूर" असं लिहून टाकलं आणि टॅगही दिला. तो फोटो दोन-तीन ठिकाणी १९६९ म्हणून वापरला गेला. मग वर्षभराने कोणीतरी झूम करून दाखवलं की पाण्यात उभी असलेली स्कूटर आहे तिच्या नंबर प्लेटवर एमएच १५ आहे. ही नंबरांची पद्धत १९८९ नंतरची. म्हणजे फोटो एकोणसत्तरचा असूच शकत नाही. काका खोटं बोलले नव्हते हो, त्यांनी एकोणसत्तरचा पूर स्वतः पाहिला होता आणि तो इतका मनात बसलाय की पुराचा प्रत्येक कृष्णधवल फोटो त्यांना तोच वाटतो. चूक माझी होती, मी त्यांचं सांगणं माझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहिलं. तेव्हा मी "काकांनी १९६९ चा म्हणून सांगितलं" असं दुसऱ्या रकान्यात लिहिलं असतं तर पुढच्या माणसाने आपोआप तपासलं असतं.

सांगितलेल्या रकान्यात कोणी सांगितलं, त्यांचं फोटोशी नातं काय आणि कधी सांगितलं हे लिहायचंच. "फोटोतल्या मुलाच्या बहिणीने सांगितलं" आणि "शेजाऱ्यांनी सांगितलं" यात फरक आहे.

तारीखच माहीत नाही, रकाना रिकामा सोडू का?

नको. "या वर्षाच्या आधीचा नाही" आणि "या वर्षाच्या नंतरचा नाही" असे दोन आकडे द्या, मध्ये वीस वर्षांचं अंतर पडलं तरी चालेल. "१९६० ते १९८२" ही माहिती आहे, "जुना" ही माहिती नाही. आकड्यापुढे अंदाजाची खूण म्हणून लाटेसारखं चिन्ह आणि शंका असेल तर प्रश्नचिन्ह लावतात, ही आपण शोधलेली रीत नाही, तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१९ च्या भागात ती आहे, त्यामुळे बाहेरचे लोकही ती ओळखतात.

आणि हे आकडे काढायचे कशावरून?

हा माझा सगळ्यात आवडीचा प्रश्न, यावर मी तासभर बोलू शकतो. फोटोतल्या माणसांकडे बघू नका, मागच्या पाट्यांकडे बघा.

दुकानाच्या पाटीवर ४२२००१ असा पिनकोड दिसला तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा नाही, कारण पिनकोडच त्या दिवशी सुरू झाले. पाटीवर मोबाइल नंबर असेल तर १९९५ च्या आधीचा नाही. "नाशिक महानगरपालिका" असं असेल तर १९८२ किंवा नंतरचा. "महाराष्ट्र राज्य" असेल तर १ मे १९६० नंतरचा. एसटीची गाडी दिसत असेल तर १९४८ नंतरचा, कारण एसटीच तेव्हा सुरू झाली. नया पैसा १ एप्रिल १९५७ ला आला, त्यामुळे नये पैसे लिहिलेली पाटी त्यानंतरचीच.

आता उलट बाजू नीट समजून घ्या, इथेच बहुतेक जण घसरतात. "महानगरपालिका" दिसली तर फोटो १९८२ नंतरचा हे पक्कं. पण "नगरपालिका" दिसली तर १९८२ च्या आधीचा हे पक्कं नाही, कारण जुनी पाटी काढतंय कोण, ती पुढे दहा वर्षं तशीच गंजत असते. आण्याचंही तसंच, नया पैसा आल्यावरही लोक कितीतरी वर्षं "चार आणे" म्हणत होते आणि लिहीतही होते. थोडक्यात नवीन वस्तू दिसली तर खालची मर्यादा घट्ट मिळते, जुनी वस्तू दिसली तर वरची मर्यादा सैलच राहते. सिनेमाच्या पोस्टरलाही हाच नियम, सिनेमा आला त्याच्या आधीचा फोटो नाही एवढं नक्की, पण जुने सिनेमे परत परत लागायचे त्यामुळे नंतरचा कितीही असू शकतो.

प्रिंटच्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख छापलेली असते तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कॅमेऱ्याची बॅटरी बदलली की ती तारीख परत सुरुवातीला जायची आणि घरात कोणाला ती लावता यायची नाही. उतरवून घ्या, पण "कॅमेऱ्यावरची तारीख" म्हणून.

आमच्याकडे दादासाहेब फाळक्यांनी काढलेला फोटो आहे असं घरी सांगतात. तसं लिहू?

सांगितलेल्या रकान्यात जरूर लिहा. फाळके जन्माने त्र्यंबकचे, सिनेमाच्या आधी फोटोग्राफीही केलेली, पुढे कंपनी नाशिकला, आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकलाच गेले, त्यामुळे जुन्या नाशिकच्या घरांत असं ऐकू येणारच. पण फोटोग्राफरच्या रकान्यात नाव टाकायला प्रिंटवर शिक्का, सही, पत्र असं काहीतरी हातात पाहिजे. अशाच एका फोटोत मागे एसटी उभी होती. १९४४ आणि १९४८, हिशेब तुम्हीच लावा.

पुराच्या फोटोंना वेगळं काही लिहायचं का?

हो, आणि कृपा करून न चुकता लिहा. नाशिकमध्ये पूर किती आला हे लोक दुतोंड्या मारुतीवर मोजतात, कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, मारुती बुडाला, असं. त्यामुळे मूर्ती दिसत असेल तर पाणी कुठपर्यंत आहे ते अवयवाचं नाव घेऊन लिहा: पाय, गुडघा, कंबर, छाती, खांदा, डोकं. १९६९, २००८, २०१६, २०१९ या पुरांचे फोटो एकाशेजारी एक ठेवले की या एका शब्दामुळे ते एकमेकांशी बोलायला लागतात. मूर्ती दिसत नसेल तर दुसरी खूण घ्या, होळकर पुलाची कमान, देवळाची पायरी, दुकानाचं शटर. "खूप पाणी" असं लिहू नका, खूप म्हणजे किती हे चाळीस वर्षांनी कोणालाच कळत नाही.

वेळ माहीत असेल तर तीही लिहा, कारण सकाळी आठला आणि दुपारी चारला एकाच दिवशी पाण्याची पातळी वेगळी असते.

फोटोतली माणसं ओळखू येत नाहीत, मग?

ओळखू येतात त्यांची नावं "डावीकडून, बसलेले" आणि "डावीकडून, उभे" असं सांगून लिहा, येत नाहीत त्यांच्या जागी "अनोळखी पुरुष", "अनोळखी मुलगी, साधारण आठ वर्षांची" असं लिहून जागा मोजून ठेवा. जागा सोडून दिली की पुढच्या माणसाची सगळी रांग एकाने सरकते.

यात एक गोष्ट मला फार खुपते. मागच्या मजकुरात पुरुषांची नावं आडनावासकट असतात आणि बायका म्हणजे "वहिनी", "मुलं व मंडळी", "सौ." एवढ्यावर संपतात. एका वाड्यातला लग्नाचा फोटो होता, बावीस माणसं, त्यातल्या अकरा पुरुषांची नावं मागे लिहिलेली आणि नऊ बायकांपैकी एकीचंही नाही. घरातल्या एक आजी ब्याण्णव वर्षांच्या, त्यांना मोठा करून फोटो दाखवला, भिंगसुद्धा दिलं, तर त्यांनी एकेकीवर बोट ठेवून नऊच्या नऊ नावं सांगितली, माहेरचं नाव, सासरचं नाव, कोणाची गाठ कोणाशी पडली, कोण बाळंतपणात गेली. शेवटी एका कोपऱ्यात पाट्याजवळ बसलेली बाई होती, तिला मी पाहुणी समजत होतो, आजी म्हणाल्या "अगं बाई, ही तर आमची स्वयंपाकीण, हिच्याच हातचे लाडू होते लग्नाला." तिचंही नाव सांगितलं. आता ते नाव त्या फोटोच्या नोंदीत आहे.

म्हणून बायकांसाठी माहेरचं आणि सासरचं दोन्ही नावं लिहायचे रकाने ठेवलेत, शिवाय घरात हाक मारायचं नाव. पुढे कोणी आपल्या पणजीला शोधेल तर कुठल्या नावाने शोधेल हे आपल्याला आज माहीत नाही. आणि कामाला असलेल्या माणसांनाही विचारा, टांगेवाले, पुजारी, मोलकरीण, सगळ्यांना नाव असतं.

टॅग किती द्यायचे?

पाच ते दहा पुरे. आकड्यापेक्षा हे बघा की तो शब्द टाकून कोणी शोधलं आणि हा फोटो समोर आला तर त्याला बरं वाटेल का चिडचिड होईल. मागे कुठेतरी नखाएवढा नारळ दिसतोय म्हणून "नारळ" टॅग देऊ नका, वर्णनात लिहा हवं तर.

साधारण या गोष्टींचे टॅग लागतात: ठिकाण, प्रसंग, माणसं काय करताहेत, ठळक वस्तू किंवा कपडे, आणि फोटो कुठल्या प्रकारचा आहे, म्हणजे स्टुडिओतला, घरगुती, पोस्टकार्ड, निगेटिव्ह वगैरे. "सुंदर", "आठवणी", "जुनं नाशिक", "अप्रतिम" हे टॅग काढून टाकले जातील, राग मानू नका. जे प्रत्येक फोटोला लागू पडतं ते शोधायला कामाचं नाही.

आणि नवीन टॅग तयार करण्याआधी यादी बघा. एकाने "मिरवणूक" दिला, दुसऱ्याने "मिरवणुका", तिसऱ्याने "गणपती मिरवणूक" आणि चौथ्याने "विसर्जन", की चार ठिकाणी फोटो विखुरले. आपण एकवचन घेतो: घाट, वाडा, मिरवणूक, पूर. मोठ्या ग्रंथालयांतही असंच ठरवलेल्या शब्दांच्या यादीवर काम चालतं, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची तर फक्त चित्रं आणि फोटोंसाठीची वेगळी शब्दसूची आहे. पण तिच्यात रहाड (रंगपंचमीला उघडतात तो दगडी हौद) मिळणार नाही आणि वाड्याचा चौकही मिळणार नाही, म्हणून आपली यादी आपणच बनवतोय.

काळाराम मंदिराच्या फोटोला "सत्याग्रह" टॅग द्यायचा का?

फोटो सत्याग्रहाचा असेल तर. काळाराम मंदिर प्रवेश सत्याग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला सुरू झाला. त्या वेळचा फोटो असेल, आणि तो कुठून आला हे सांगता येत असेल, तर टॅग द्यायचाच. पण तुम्ही गेल्या रविवारी मंदिराच्या दरवाजाचा काढलेला फोटो हा सत्याग्रहाचा फोटो नाही. जागेचा इतिहास मोठा आहे म्हणून तो फोटोत येत नाही. तो वर्णनात एका ओळीत लिहा, टॅग ठिकाणाचा द्या. नाहीतर खरा पुरावा शोधणाऱ्या माणसाला शंभर आजचे फोटो उपसावे लागतात, आणि इतक्या महत्त्वाच्या गोष्टीबद्दल तरी असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एकाच जागेला दोन-तीन नावं आहेत, कुठलं घेऊ?

मुख्य टॅग आजच्या चालू नावाचा, बाकीची नावं त्याला जोडलेली आहेत. व्हिक्टोरिया पूल, अहिल्याबाई होळकर पूल, होळकर पूल, तिन्हीपैकी काहीही टाइप केलं तरी एकाच ठिकाणी पोचता. गोदावरी आणि गंगा तसंच, नासिक आणि नाशिक तसंच, माणसांत कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर तसंच. तुमच्या गल्लीला घरात काही वेगळं नाव असेल, जे नकाशावर नाही, तर ते आम्हाला नक्की कळवा, तीच नावं आधी पुसली जातात.

ठिकाण लहानाकडून मोठ्याकडे लिहा: रामकुंड, पंचवटी, नाशिक. नुसतं "नाशिक" लिहिलं तर नाशिकरोड, देवळाली कॅम्प आणि जुनं गावठाण सगळं एकत्र होतं, आणि नाशिकरोडच्या माणसाला विचारा त्याला हे चालेल का.

सिंहस्थाचे फोटो कसे ओळखायचे, सगळे सारखेच दिसतात.

आधी नाशिक का त्र्यंबक ते बघा. वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नान करतात, शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर, त्यामुळे नागा साधू आणि दगडी कुंड दिसलं तर बहुधा त्र्यंबक. वर्षासाठी २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये गल्लत जास्त होते, तिथे गर्दीचे हात बघा. मोबाइल वर धरून फोटो काढणारे हातच हात असतील तर २०१५. पुढचा सिंहस्थ २०२६ ते २०२८ चा, त्याचे फोटो काढाल तेव्हा निदान त्याच रात्री घाटाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, लाखभर फोटोंत नंतर काही आठवत नाही.

कॉम्प्युटर आपोआप टॅग देतो ना आता, मग आपण का बसायचं?

वापरून बघितलंय. गर्दी, पाणी, देऊळ, गाडी हे बऱ्यापैकी ओळखतो आणि हजार फोटोंची पहिली चाळणी करायला मदत होते. पण रंगपंचमीच्या रहाडीचा फोटो दिला तर "जलतरण तलाव" असं आलं. तिवंध्याची किंवा शनि चौकातली रहाड म्हणजे काय हे त्या मशीनला कोण सांगणार, वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेला तो दगडी हौद, रंगपंचमीला उघडतात, पूजा करतात, मग त्यात धप्पा मारतात. हे सगळं आपल्यालाच लिहावं लागतं. म्हणून मशीनने दिलेले टॅग वेगळ्या खुणेने येतात आणि माणसाने बघितल्याशिवाय कायम होत नाहीत.

मराठीत टाइप केलं तरी सर्चमध्ये सापडत नाही, का?

याची कारणं बरीच आहेत. एक, "पायऱ्या" मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला डिट्टो सारखा पण आत कोड वेगळे, त्यामुळे एकाने एका कीबोर्डवर लिहिलेलं दुसऱ्याला सापडत नाही. हे आम्ही आतून एकसारखं करायला लागलोय पण जुन्या नोंदी बाकी आहेत. दोन, ऱ्हस्व-दीर्घ, मूर्ती-मुर्ती, मारुती-मारूती. टॅग यादीतून निवडला तर हा प्रश्नच येत नाही, म्हणून हाताने टाइप करू नका. तीन, कोणाकडे श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या असतात, त्या पेस्ट केल्या की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो कारण आत खरंच इंग्रजी अक्षरंच असतात, त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला. चार, एक्सेलमधून सीएसव्ही करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात आणि मूळ फाइल जपली नसेल तर ती परत मिळत नाहीत.

स्कॅन कसं करायचं? मोबाइलने फोटोचा फोटो चालेल का?

काहीच नसण्यापेक्षा चालेल, पण शक्यतो फ्लॅटबेड स्कॅनर, ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), मूळ प्रत टिफमध्ये (मोठी फाइल, पण दर्जा जात नाही) आणि बघायला जेपेग. चार बाय सहाच्या प्रिंटची ६०० ला २४०० बाय ३६०० पिक्सेलची फाइल होते, तेवढ्यात मागच्या पाट्या वाचता येतात. निगेटिव्हला मात्र ६०० पुरत नाही, पस्तीस एमएमची एक फ्रेम त्यात जेमतेम ८५० पिक्सेल रुंद येते, तिथे निदान २४०० च्या वर जा. आणि मागची बाजू स्कॅन करा, कोरी असली तरी करा, कागदाच्या कंपनीचं नाव फिकट छापलेलं असतं ते उजेडात दिसत नाही आणि स्कॅनमध्ये दिसतं.

व्हॉट्सअपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो आणि आतली माहिती उडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणखी एक, स्कॅन केलेल्या फाइलवर दिसते ती तारीख स्कॅनची असते. तारखेचा रकाना हाताने भरला नाही तर तुमच्या आजोबांची मुंज यंदाची होते.

फाइलच्या नावात वर्णन कोंबू नका, नुसता नोंद क्रमांक द्या, एनएसके-०००४१२ असा, आणि मागच्या बाजूच्या स्कॅनला तोच क्रमांक आणि पुढे "मागे". वर्णन आयपीटीसीच्या (फोटोच्या फाइलमध्येच माहिती ठेवायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) रकान्यांत फाइलच्या आतही लिहिलं जातं, पण पुष्कळ ठिकाणी अपलोड करताना ते पुसलं जातं म्हणून वेगळी यादीही ठेवायची.

अल्बमला फोटो चिकटलेत, ओढून काढू?

अजिबात नाही. पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला असेल तर काचेसकट. लॅमिनेशन करू नका. मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. पावसाळ्यात लोखंडी कपाटातून काढलेला फोटो ओलसर लागला तर वाऱ्यावर सुकू द्या, उन्हात नाही.

कॉपीराइट कोणाचा? प्रिंट माझ्याकडे आहे म्हणजे माझाच ना?

प्रिंट तुमची, हक्क तुमचाच असेल असं नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे हक्क साधारणपणे फोटो काढणाऱ्याचा, पण पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर ज्याने काढून घेतला त्याचा पहिला हक्क. म्हणजे आजीआजोबांचा लग्नाचा स्टुडिओ फोटो आणि काकांच्या मित्राने हौसेने काढलेला गणपतीचा फोटो, दोन्हींचं उत्तर वेगळं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोंनाही काढणाऱ्याचं आयुष्य अधिक साठ वर्षं असा काळ लागतो, फार जुन्या फोटोंचं गणित निराळं. म्हणून फॉर्ममध्ये "कोणी काढला" आणि "कोणाकडून मिळाला" हे वेगळे रकाने आहेत. स्टुडिओचा शिक्का असेल तर तो नीट उतरवा.

कुठले फोटो सगळ्यांना दिसू नयेत?

रामकुंडावरच्या दशक्रियेचे, अस्थिविसर्जनाचे, केस काढलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येत असेल असे. संग्रहात ठेवू, वर्णनही करू, पण बंद ठेवू, निदान त्या घरच्यांना विचारेपर्यंत. घाटावर आंघोळ करणाऱ्या बायका, लहान उघडी मुलं, हेही तसंच. ज्या माणसाला कॅमेरा आहे हे माहीतच नव्हतं त्याच्या वतीने आपण विचार करायचा.

एकच फोटो दोन घरांतून आला तर?

दोन्ही ठेवा, एकमेकांना जोडा. मागचा मजकूर बहुतेक वेळा वेगळा असतो आणि एका घरात जे नाव विसरलेत ते दुसऱ्या घरात लिहिलेलं असतं.

मला एका नोंदीत चूक दिसली, कोणाला सांगू?

नोंदीखाली सरळ लिहा, कशावरून म्हणताय तेही लिहा. जुनी माहिती पुसत नाही, तिच्यावर "नंतर दुरुस्त" असं येतं आणि दोन्ही दिसतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००८ च्या जानेवारीत आपले जुने फोटो फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवर टाकले तेव्हा जगभरच्या लोकांनी माणसं, इमारती, रस्ते ओळखून दिले आणि तपासून झाल्यावर त्यातलं बरंच त्यांच्या मूळ नोंदीत गेलं. एवढ्या मोठ्या संस्थेला लोकांचं ऐकावंसं वाटतं, मग आपण तर घरचेच.

मला फक्त रविवारी दोन तास मिळतात, मी काय करू?

स्कॅनिंग सोडा, ते नंतर होईल, प्रिंट अजून दहा वर्षं टिकेल. घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे अल्बम घेऊन जा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा, परवानगी घेऊन, आणि एकेक फोटो पुढे ठेवा. प्रत्येक फोटोच्या आधी मोठ्याने क्रमांक बोला, "फोटो नंबर सात", नाहीतर नंतर रेकॉर्डिंग ऐकताना आवाज कुठल्या फोटोबद्दलचा ते कळत नाही. "हे कोण?" असं विचारण्यापेक्षा "इथे काय चाललंय?" असं विचारा, नाव आठवत नसेल तर माणूस अवघडतो आणि पुढचं बोलायचा थांबतो, प्रसंग सांगता सांगता मात्र नावं आपोआप येतात. तासाभरात पंधरा फोटो झाले तरी भरपूर. रेकॉर्डिंग आमच्याकडे पाठवा, ऐकून लिहून काढायला माणसं आहेत.